न गळणारं घर

वैजिनाथअप्पाने आपल्या कोऱ्या पत्र्याला स्वतःच्या हाताने खिळा ठोकून भोक पाडलं. छे, छे. पाडलं नाही. असं काही झालंच नाही, धारुरात कुणालाही विचारा. अप्पाच्या घराला पत्रा होता आणि पत्रा गळत नसतो.

गल्लीत बाकी सगळी मातीची माळवदं, वरून चालता येईल अशी सपाट. भिंतीला भिंत, माळवदाला माळवद. पत्रा यायच्या आधी साखराबाईला बबनच्या घरी विरजण मागायला जायचं, तर ती अप्पाच्या डोक्यावरून जायची. जाता जाता उजेडाच्या भोकातून खाली तोंड घालायची, "काय शिजाय लागलंय ग नीलम्मा?" आणि विरजण राहायचंच.

पावसाळ्याआधी प्रत्येकाच्या माळवदावर गल्लीने मिळून पांढरी माती टाकायची, तुडवायची. ज्याचं घर त्याने पिठलं-भाकरी घालायची. अप्पाच्या घरचं पिठलं नीलम्मा करायची. ती गेली त्या साली अप्पा गार चुलीपुढे बसला. माती होती, माणसं होती. पिठलं कोण करणार? अप्पाचं गल्लीतच दुकान, डोकंही दुकानदाराचं. माती नको म्हणजे माणसं नकोत, माणसं नकोत म्हणजे पिठलं नको. बार्शीहून गाडीभर पत्रे आले.

पत्र्याचे फायदे लई. विंचू न्हाई, उंदीर न्हाई, डोक्यावर गवत उगवत न्हाई. हे अप्पा येईल त्या गिऱ्हाइकाला गुळाबरोबर फुकट सांगायचा. तोटे कुणी विचारले नाहीत, म्हणून त्याने सांगितले नाहीत. उन्हाळ्यात दुपारी घरात बसलं की आपली भाकरी होतेय की पापड, एवढंच कळायचं राहायचं. आणि उतरत्या पत्र्यावरून चालणार कोण? साखराबाई आता गल्लीतून वळसा घालून जायची.

श्रावणात झड लागली. झडीत रीत अशी, की माळवदावर येऊन शेजाऱ्याला हाळी द्यायची, "गळतंय का?" गळत असलं तर पाटीभर माती घेऊन धावायचं. अप्पा उत्तर तयार करून बसला. पण पत्र्यावर असा ताशा वाजत होता की त्याला स्वतःचा खोकलाही ऐकू येईना. सांजेला पाऊस थोडा थांबला तसा त्याने बबनला गाठलं.

"का रं बबन, मला कुणी हाळी दिली न्हाई?"

"तुमाला काय इचारायचं अप्पा? गूळ घ्यायला आलं की तुमीच सांगता, पत्रा गळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी अप्पाने शिडी लावली, खिळा घेतला, आणि वर सांगितलंच आहे, काही झालं नाही. फक्त नीलम्माच्या चुलीवर बरोबर मधोमध पाणी ठिबकू लागलं. अप्पा भर पावसात गल्लीत धावला. लेक झाल्यागत ओरडला, "गळतंय! गळतंय!"

साखराबाई खरंच मातीची पाटी घेऊन आली. दारातून वर बघितलं.

"अप्पा, पत्र्यावर माती थांबंल का? वाहून जाईल की."

"थांबंल थोडी. तू बैस तर."

"तव्यावर भाकर हाय माझी. बोटभर डांबर लावा, जल्मात गळणार न्हाई."

पाटी आली तशी गेली. डांबर अप्पाच्याच दुकानात होतं. ते त्याने पोत्यांमागे सारलं आणि ठिबकणाऱ्या पाण्याखाली पिठल्याचं पातेलं ठेवलं. घरात तेवढाच एक आवाज आपला.

झड उघडल्यावर, सरकारात तेव्हा उर्दूच चाले म्हणून, त्याने तहसिलीच्या पायरीवरच्या मुनशीकडून उर्दूत अर्ज लिहवून घेतला. मुनशीने दोनदा डोळे पुसले. ऊन लागत होतं म्हणाला. मराठीत मतलब असा:

"सरकारास अर्जदार वैजिनाथ, राहणार धारूर, याची विनंती की, अर्जदार पत्रे उतरवून माळवद स्वखर्चाने पुन्हा घालण्यास तयार आहे. गल्लीतील माणसे माती तुडवण्यास राजी आहेत. सबब ज्या दिवशी माती पडेल त्या एका दिवसापुरती, पिठल्याच्या कामी, अर्जदाराची बायको नीलम्मा हिला ती सध्या जेथे असेल तेथून रजा मंजूर होऊन घरी पाठवण्याचा हुकूम व्हावा. संध्याकाळी परत पोचवण्याची जबाबदारी अर्जदार घेत नाही."