माझ्या नावावर बोललेलं खोटं

मित्रांनो, मी एक जुनं लसीकरण कार्ड आहे. चौकटी, शिक्के आणि तारखा, एवढाच माझा संसार. एक मुलगी जन्मली, त्याच्या दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी माझ्यावर तिची जन्मतारीख लिहिली आणि मी त्या घरचा झालो.

तिची आई मला फार जपायची. पाहुण्यांना दाखवून म्हणायची, "एकही लस चुकवली नाही बघा!" तेव्हा माझी छाती फुगायची.

मुलगी बारा वर्षांची झाली. धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या चौकटीत लिहिलं, 'एचपीव्ही, दोन डोस.' म्हणाल्या, "गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून जपते ही लस. पुढच्या महिन्यात आणा हिला."

घरी आत्या बसलेली होती. "अगं, ही लस शरीरसंबंधातून लागणाऱ्या रोगावर असते, ठाऊक आहे का तुला? लोक पोरीबद्दल काय बोलतील?"

आईने मला मिटून ठेवलं. तो महिना तसाच गेला. मुलीने विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "झाली की त्या धनुर्वाताच्या इंजेक्शनच्याच दिवशी! कार्डावर लिहिलंय."

माझ्यावर लसीचं नुसतं नाव होतं; दिल्याची तारीख नव्हती, शिक्का नव्हता. मला कपाटात, जुन्या स्वेटरांच्या तळाशी ढकललं गेलं. ज्या तोंडाने माझं कौतुक केलं, त्याच तोंडाने माझी खोटी साक्ष काढली.

दहा वर्षं गेली. मुलगी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवू लागली. तिथल्या मैत्रिणीने ही लस घेतली, तेव्हा ही ऐटीत म्हणाली, "माझी लहानपणीच झालीय." मैत्रीण म्हणाली, "कार्ड बघून घे एकदा." घरी विचारलं, तर आई म्हणाली, "हरवलं गं ते." मग सुट्टीच्या दिवशी तिने सगळं कपाटच उपसलं. मी सापडलो. ती उभ्या उभ्याच वाचत राहिली.

"आई, इथे एचपीव्हीचं नुसतं नाव आहे. तारीख नाही, शिक्का नाही."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"नको होती तर नको म्हणायचंस. झाली का म्हणालीस? दहा वर्षं मी निर्धास्त होते!"

"आता तुझ्या लग्नाचं बघतोय. आता कशाला नसता विषय?"

दोन दिवस ती विचार करत होती. आपल्याच आईवर विश्वास उरला नाही, तर बाहेरच्या डॉक्टरवर कसा ठेवायचा? तिसऱ्या दिवशी तिने मला पर्समध्ये घातलं.

डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. "तेव्हा घेतली असती तर दोनांत भागलं असतं, आता तीन लागतील. लहानपणी घेतलेली जास्त चांगली, पण आताही उपयोग आहे. आणि लस घेतली तरी पुढे तपासण्या चुकवायच्या नाहीत. घ्यायची का, हे तू ठरव."

"ठरलंय," मुलगी म्हणाली आणि तिने बाही वर केली.

बाहेर बाकावर आई मागोमाग येऊन बसली होती. "दुखलं का गं?" तिने हळूच विचारलं.

"सुईचं नाही दुखलं," मुलगी म्हणाली आणि एकटीच पायऱ्या उतरली.

मित्रांनो, मला फाडू नका, भिजवू नका, एवढंच मागून आता माझं भागत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कार्ड असेल, तर ते आजच मागून घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आणि मोठ्यांनो, मुलींना लसीची भीती वाटली तर त्यांना समजावता येतं. तुमच्यावरचा विश्वास उडाला, तर त्यावर कुठल्याच दवाखान्यात इंजेक्शन मिळत नाही.