माझा सुधारलेला आवाज

मित्रांनो, जुन्या मोटारीच्या पोटात बसलेले मी एक इंजिन आहे. मला जुने म्हटलेले आता कुणाला पटत नाही, कारण माझ्या अंगावर नवा रंग आहे आणि आवाज अगदी मऊ आहे. त्या मऊ आवाजाचे मला काडीचे कौतुक नाही. का, ते ऐका.

माझी मालकीण डॉक्टरीणबाई. गाडी त्या स्वतः चालवत आणि रोग्यांच्या घरी जात. माझ्या झडपा उघडणारा एक टॅपेट लवकरच झिजला आणि टकटक करू लागला. बाईंना दुरुस्तीला सवड नव्हती, म्हणून टकटक राहिली आणि पुढे तीच आमची ओळख झाली. गल्लीच्या तोंडाशी ती ऐकू आली की तापाने फणफणलेल्या पोराची आई म्हणे, "आल्या बाई." चढावर मी धापा टाकल्या असतील, पण बाईंना अर्ध्या वाटेत कधी सोडले नाही.

पुढे बाईंची दृष्टी गेली आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. माझ्यात ओल शिरली, पिस्टन गंजून जागच्या जागी चिकटले. बाई रोज काठी टेकत येत, बॉनेटवर हात ठेवत आणि म्हणत, "एकदा तरी बोल रे." बाकी त्यांचे काही मागणे नव्हते.

त्यांचा मुलगा तसा वाईट नव्हता, पण त्याच्या शब्दावर बाईंचा भरवसा उरला नव्हता. त्याने त्यांचे शिलाई मशीन परस्पर विकले होते आणि "दुरुस्तीला दिलंय" म्हणून महिनोन्महिने झुलवत ठेवले होते. शेजारणीने खरे काय ते सांगितले, तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, "मला दिसत नाही, म्हणून ना?" ते त्याच्या जिव्हारी लागले. आईला तिच्या गाडीतून फिरवून आणायचेच, असे त्याने मनावर घेतले.

त्याने बोलावलेल्या मोटार-मिस्त्रीने मला साखळीला टांगून बाहेर काढले आणि पार सुटे केले. सिलिंडर आतून घासले, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळे नवे घातले. झिजका टॅपेट चिमटीत धरून तो म्हणाला, "हाच तो कटकट्या."

"टाका तो," मुलगा म्हणाला. "आईला गाडी एकदम नवी वाटली पाहिजे."

टॅपेट भंगारात गेला. मला तोंड असते तर तेव्हाच बोंब ठोकली असती. मग मला पुन्हा गाडीत उतरवले. गिअरबॉक्सशी मला जुळवताना मुलगा गाडीखाली आडवा पडला होता, त्याची बोटे सोलून निघाली. पण मी पहिल्याच फटक्यात सुरू झालो. दोघे हरखून गेले.

बाई केस नीट बांधून, डॉक्टरकीची बॅग हातात घेऊन आल्या. मुलाने किल्ली फिरवली. बाईंनी मान कलती करून वाट पाहिली.

"चालू कर ना."

"चालूच आहे, आई."

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "हे माझं नाही."

"तुझंच आहे गं. फक्त दुरुस्त केलंय."

"मशीनही दुरुस्तीलाच गेलं होतं. हे कुणाला विकलंस?"

मुलाने शपथा घेतल्या. मिस्त्रीनेही परोपरीने सांगितले, पण तो पडला मुलाचाच माणूस. जुना टॅपेट आणायला दोघे भंगाराच्या डब्याकडे धावले, पण डबा केव्हाच रिकामा झाला होता. पोरगा यावेळी खरे बोलत होता आणि त्याला खोटे पाडले ते मी, माझ्या या गुळगुळीत आवाजाने. बाई बॅग घेऊन आत निघून गेल्या.

मित्रांनो, वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगतो, दुसऱ्याची वस्तू सुधारायला घेण्याआधी तिच्या धन्याला विचारा, यातले काय तसेच राहू देऊ? बाईंना ते कुणी विचारले नाही.

मुलगा अजून हरलेला नाही. रोज सकाळी तो मला आईच्या खिडकीखाली उभे करून चालू करतो. आतून बाई कामवालीला सांगतात, "बाहेर कोण आहे त्या माणसाला सांग बाई, गाडी जरा पुढे घ्या म्हणावं."