साकवाजवळचे दोन चिरे

सुरगाणा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर माणूस गेला की त्याच्या नावाचा चिरा उभा करतात आणि त्यापुढे दिवा लावतात. चंदर आणि मनोज इथेच वाढले. तरी दोघांनी नदीकाठी आपापल्या नावाचा दगड हौसेने बसवला.

ते साकवाच्या, म्हणजे नदीवरच्या छोट्या पुलाच्या, भूमिपूजनाचे दगड, नाशिकला द्वारका चौकाजवळ कोरून घेतलेले. आधी चंदर सरपंच होता, मग मनोज. एकाने काम काढलं की दुसऱ्याचा गट ते अडवायचा. ग्रामपंचायतीची जमा थोडी, खर्च कायम जास्त. तूट कोणामुळे, यावरच ग्रामसभा संपायची. नदीत नुसते खांब राहिले. गेल्या श्रावणात भागीबाईंचा मुलगा लखन आपल्या लेकीला, मोहिनीला, शाळेतून आणायला निघाला आणि तिथेच वाहून गेला. मोहिनीची शाळेची वाट अजून त्याच पाण्यातून होती.

पाणी ओसरल्यावर भागीबाईंनी मला काठावर गाठलं आणि दगडांवरची नावं वाचायला लावली.

"हे कवा मेले, गुरुजी?"

जिवंत आहेत, असं मी सांगितलं.

"जित्याचा चिरा लावला? मंग यांचा जीव इथंच अडकला. दिवा तरी कोन लावनार?"

त्या संध्याकाळपासून त्याच लावू लागल्या. शेंदूर, तांदूळ, पणती. रागाने नव्हे, कणव येऊन. हळूहळू लोक दोघांना चहाला बोलवेनासे झाले. चंदरला झोपेत कानात पाणी भरल्यासारखं वाटायचं. मनोजची आई त्याला जेवायला वाढण्याआधी त्याचा हात धरून बघायची, ऊब आहे ना.

शेवटी दोघे एकदमच माझ्या ओट्यावर आले. माझ्या वर्गात ते एकाच बाकावर बसत.

"माझ्या दगडाला शेंदूर फासलाय, गुरुजी," मनोज म्हणाला.

"माझ्या दगडाला आधी," चंदर म्हणाला. "सरपंच मी आधी होतो."

हसलं कोणीच नाही.

दगड उपटायला पाड्यावरचा एकही माणूस तयार नव्हता. म्हणून आम्ही भागीबाईंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पान्यावरून पल्याड वाट झाली, का अडकलेला जीव निघून जातो."

मी दोघांना मुलांना सांगतो तसं सांगितलं, की वजाबाकी आधी आपल्या पानावर करायची. पुढच्या ग्रामसभेत मनोजने आपल्या स्वागत कमानीचा खर्च सोडला, चंदरने चौकातल्या पेव्हर ब्लॉकचा. साकवाच्या एकाच ठरावावर दोन्ही गटांचे हात वर गेलेले मी प्रथमच पाहिले.

पावसाआधी खांबांवर स्लॅब टाकून झाला. मोहिनी आता कोरड्या पायांनी शाळेत जाते. भागीबाई दोन दगडांपुढे दिवे लावतात आणि तिसरी पणती लखनसाठी साकवाच्या मधोमध ठेवतात.

तालुक्याला जायचं तर नदी ओलांडावीच लागते. चंदर आणि मनोज चपला हातात घेऊन, एकमेकांना धरून, साकवाखालच्या पाण्यातून जातात.

ते वरून का जात नाहीत, असं काल मोहिनीने मला विचारलं. मुलांच्या प्रश्नाला मी उत्तर टाळत नाही.

"वरून गेलं की अडकलेला जीव निघून जातो, असं तुझी आजी म्हणाली ना," मी म्हणालो. "त्यांना अजून जायचं नाही."