पुस्तकातली बायको

लिफ्टच्या बटणावरचा आकडा पार झिजून गेला होता. चार होता की सात, हे आता वरच्या-खालच्या बटणांवरून ओळखायचं. आकड्याच्या जागी बोटांनी बशीसारखा एक गुळगुळीत खळगा पाडला होता. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते अलगद उचकटून तळहातावर घेतलं. इतक्या माणसांनी हे दाबलं आणि त्यातल्या एकानेही कधी याच्याकडे पाहिलं नसेल... हे बायकोला सांगायला हवं, असं मनात आलं. आणि मागोमाग नेहमीसारखं दुसरं आलं, की तिला सांगायचं म्हणजे आता लिहायचं, आणि लिहिणं तर संपलंय. पुस्तक पुरं झालंय. ते कुणाच्या हाती द्यायचं, एवढं संध्याकाळपर्यंत सांगायचं राहिलंय.

जन्मभर लिफ्टी दुरुस्त केलेल्या माणसाने पुस्तक लिहावं, याचं हसू त्याचं त्यालाच यायचं. पण तसं काही ठरवून झालं नव्हतं. ती होती तेव्हा रोज घरी गेल्यावर तो तिला दिवसभराचं सांगायचा: कोण अडकलं, कोण रडलं, कुणी आत अडकल्या अडकल्या मोठ्याने जाहिरातीतलं गाणं म्हटलं. ती गेल्यावर सांगण्याची वेळ तशीच येत राहिली, माणूस मात्र समोर नव्हतं. मग तो लिहायला लागला. "आज एक गंमत झाली" असं लिहायचं आणि पुढे ती समोर बसलीय असं धरून चालायचं. हनुवटी हातावर टेकून, डोळे माझ्याकडे लावून, शांतपणे ऐकत... पानंच्या पानं ती तशी बसून राहिली. दोन वर्षं मी तिला तशी बसवून ठेवली.

मेव्हणीने ते सगळं टाइप केलं आणि त्याला न विचारता काही एजंटांना पाठवलं.

"एजंट? विम्याचा?" त्याने विचारलं होतं.

"अहो भाऊजी, तसला नाही हो! हा पुस्तकाला प्रकाशक शोधून देतो, करार वाचतो, तुमच्या वतीने भांडतो."

"माझ्या वतीने भांडायला आता कुणीतरी लागेलच," तो म्हणाला.

बाकीच्यांचं उत्तर आलं नाही. दोघांचं आलं. मेव्हणीने लगेच नावंही ठेवून टाकली. एक मखमल आणि दुसरी कात्री.

मखमलच्या ऑफिसात तो गेल्या आठवड्यात जाऊन आला होता. खुर्ची इतकी मऊ, की बसल्यावर गुडघे वर आले आणि आपण अगदी पोरासारखे दिसत असू असं त्याला वाटलं. पण मखमल माणूस भला होता. त्याने फोन बंद करून ठेवला, पुढे वाकून बसला, आणि हा जे सांगेल ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. आरशाची गोष्ट तर पुस्तकात वाचलेली असूनही पुन्हा ऐकली. एक माणूस भलामोठा आरसा घेऊन लिफ्टमध्ये अडकला, आणि सुटका होईपर्यंत त्याला स्वतःच्या तोंडाकडे बघत उभं राहावं लागलं, ती. "सर, यातला एक शब्दही बदलायचा नाही," मखमल म्हणाला. "आणि तुमच्या मिसेस... किती शांत, किती समजूतदार! असं ऐकणारं माणूस कुणाला नको असतं? प्रकाशक माझ्या माहितीतलाच आहे. फक्त शुक्रवार संध्याकाळपर्यंत हो म्हणा, म्हणजे त्यांच्या या वर्षीच्या यादीत बसवता येईल."

आज शुक्रवार.

पॅनेल बंद करून तो लिफ्टच्या टपावर चढला. शाफ्टमधला अंधार त्याच्या सवयीचा होता. इथे फोन लागत नाही, हीसुद्धा एक सोय. ग्रीसचा डबा बाजूला ठेवून त्याने रुळावर बोट फिरवलं. कोरडा. पडणारच कोरडा, कुणी बघतं का... आणि काल कात्री नेमकं असंच म्हणाली होती. कोरडं.

"कोरडं कुठं वाटतं सांगू का?" ती फोनवर म्हणाली.

"नाही, त्याचं असं आहे की, मी जेव्हा लिहायला बसलो तेव्हा..."

"थांबा, थांबा. ते तुम्ही प्रस्तावनेत लिहिलंय. मी विचारतेय ते वेगळं आहे. तुमच्या पत्नी काम काय करायच्या?"

"दातांच्या लॅबमध्ये होती. कवळ्या बनवायची. लोकांच्या..."

"बघा! हे पुस्तकात कुठं आहे? सबंध पुस्तकभर ही बाई नुसती ऐकतेय. तिला कंटाळा येत नाही, राग येत नाही, भूकसुद्धा लागत नाही. भिंतीला सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"मेलेल्या माणसाबद्दल बोलताय तुम्ही."

"मला ती मेलेलीच भेटली," कात्री म्हणाली. मग तिला खोकला आला आणि तो आवरल्यावर ती जरा खालच्या आवाजात बोलली. "रागावू नका. लिफ्टचं सगळं उत्तम आहे, म्हणून तर फोन केला. मी तुमचं पुस्तक घेईन. पण ती बाई पुन्हा लिहा. वर्ष लागेल, जास्तही लागेल. प्रकाशक मिळेलच असं वचन मात्र आज देत नाही."

भिंत म्हणे. त्याने ग्रीस जरा जास्तच लावलं, ते ओघळलं, ते चिंधीने पुसलं. ह्या बाईला काय माहीत आमच्या घरातलं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. एकाने शब्द बदलू नका म्हणावं आणि दुसरीने अख्खं माणूस बदला म्हणावं. सरळ आहे, ज्याला आवडलंय त्याला द्यावं. द्यावं आणि मोकळं व्हावं... मोकळं? मोकळं होऊन करायचं काय? संध्याकाळी घरी जाऊन दिवा लावायचा, आणि पुढे? कात्रीने वर्ष लागेल म्हटलं तेव्हा राग तर आलाच होता, पण रागाच्या खाली काहीतरी भलतंच हललं होतं, भुकेल्या माणसाला स्वयंपाकघरात भांडं वाजलेलं ऐकू यावं तसं. आणखी एक वर्ष तिच्यासोबत. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पुस्तक चांगलं व्हावं म्हणून नव्हे, नुसतं ती समोर बसलेली राहावी म्हणून.

पण पुन्हा लिहिल्यावर समोर बसेल ती तीच असेल का?

दुपारी जिन्यात जेवणाचा डबा उघडण्याआधी त्याने मेव्हणीला फोन लावला.

"कळवलंत मखमलला?" तिने फोन उचलल्या उचलल्या विचारलं.

"नाही अजून."

"भाऊजी, दारात आलेल्या लक्ष्मीला ताटकळत ठेवू नका. हो म्हणा आणि टाका. कात्रीच्या नादी लागलात तर म्हातारे व्हाल."

"झालोय की."

"मग जास्त म्हातारे व्हाल."

तो हसला नाही. "एक विचारू? खरं सांग. मी लिहिलंय त्यात ताई तुला ताई वाटते का?"

पलीकडे नळ चालू होता तो बंद झाला.

"धाकटे?" त्याने हाक मारली.

"भाऊजी, तुम्ही इतकं मनापासून लिहिलं होतंत..."

"वाटते का?"

"मी टाइप करताना रडले आणि हसलेसुद्धा," मेव्हणी म्हणाली. "म्हटलं, आमची ताई जन्मभर नाही ती मेल्यावर तरी गप्प बसली!"

म्हणता म्हणता ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. आणि त्यालाही, डबा मांडीवर तसाच धरून, इतकं हसू आलं की खालून जिना चढणारी एक बाई जरा जपूनच त्याच्या बाजूने गेली.

गप्प! ती? तिने एक गोष्ट त्याला सरळ पुरी करू दिली असेल तर शपथ. "अहो थांबा, मागच्या वेळी तो माणूस टकला होता, आज केस कुठून आले?" आरशाच्या गोष्टीचं तर तिने पार भजं केलं होतं. "आरसा कुठला? कपाट म्हणाला होतात. आरसा कपाटाला होता." "कपाट काय, आरसा काय, एकच!" "एकच कसं? कपाट असतं तर तो आत जाऊन बसला असता, तोंड बघायची वेळच आली नसती." तो चिडायचा. ताटावरून उठायचा. मग सांगणारच नाही म्हणायचा, आणि ती म्हणायची, "नका सांगू, मी सांगते." आणि खरोखरच सांगायची, त्याचीच गोष्ट, त्याच्याहून चांगली, अडकलेल्या माणसाचे दात कसे असतील इथपासून, कारण तिला माणूस दातांपासून दिसायचा. आणि खरं भांडण झालं की कपाटातले सगळे कपडे पलंगावर ओतायची आणि एकेक घडी पुन्हा घालत बसायची. भांडण मिटल्याशिवाय पाठ टेकायला जागाच नाही. किती चीड यायची! मान दुखत असायची, झोप डोळ्यांवर, आणि ही बाई रुमालाच्या घड्या घालतेय... तो ढीग आता कुठून आणू?

आणि मी तिला काय केलं? हनुवटीखाली हात देऊन बसवलं. तिचं तोंड मिटवलं आणि माझ्या सगळ्या गोष्टी एकेक करून पुऱ्या करून घेतल्या. आरसा आरसाच राहिला.

दुपारनंतर त्याने लिफ्ट वर-खाली फिरवून पाहिली, दारं पाहिली, सही घेतली, पण हात एकीकडे आणि मन एकीकडे. कारण आता कोडं जास्तच अवघड झालं होतं. ती गप्प बाई खोटी असेल, पण दोन वर्षं तिनेच त्याला सांभाळलं होतं. कात्रीचं ऐकून खरीला बोलवायची तर या दुसरीला उठवावं लागणार, आणि ती उठून गेली आणि खरी आलीच नाही तर? लिहिताना तिचं बोलणं मला आठवलं नाही, मी बनवायला लागलो, तिच्या तोंडी माझंच घालायला लागलो, तर? तेव्हा मी दोघींनाही मुकणार. शिवाय हेही होतं, तो स्वतःलाच म्हणाला, की कात्री तुला बरी वाटतेय ती बायकोसारखी मध्येच बोलणं तोडते म्हणून. एवढ्यासाठी का कुणाला पुस्तक द्यायचं? खोकणारी, अनोळखी बाई. तिने तोडलं ते तुझं वाक्य होतं, बाकी तिचा काही संबंध नाही.

रस्त्यावर आल्यावर त्याने फोन बाहेर काढला. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं. दुकानदार खालून वाकून आत-बाहेर करत होता. तो स्वतः पिशवी पायांत धरून भिंतीशी उभा राहिला आणि त्याने मखमलला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. हो म्हणायला एक अक्षर लागतं, नाही म्हणायला दोन.

"सर! वाटच बघत होतो," मखमल म्हणाला. "बोला. अगदी सावकाश बोला, मला घाई नाही."

"त्याचं असं आहे..." त्याने सुरुवात केली. "ती आरशाची गोष्ट. तो आरसा नव्हता. म्हणजे होता, पण कपाटाचा होता. कपाटासकट अडकला होता तो माणूस."

"हो सर."

"म्हणजे तो आत बसू शकला असता."

"बरोबर, सर. खूप छान."

पलीकडे तो भला माणूस थांबून राहिला. चांगल्या ऐकणाऱ्याने थांबावं तसा, श्वाससुद्धा न वाजवता. तोही थांबला. त्या शांततेत त्याला पहिल्यांदाच जाणवलं की आपण बोलायचं राहिलेलं आठवत नाही आहोत, तर कुणीतरी तिच्यासारखं आपलं बोलणं मध्येच तोडावं म्हणून कान लावून उभे आहोत. आणि आता जे ओठांवर येईल ते, हो असो की नाही असो, अर्ध्यातच तुटेल या आशेने, फोन कानाशी घट्ट धरून, त्याने तोंड उघडलं.