मीच पोहोचवलेला हुकूम

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी कळफलक आहे. कारखान्यात मला बारा अक्षरांचा पत्ता मिळाला. ब्लूटूथच्या यादीत तो पत्ता असेल, तरच संगणक माझे ऐकतो. यादीबाहेर मी नुसती पाटी.

माझे मालक निवृत्त भूगोलशिक्षक होते. घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज गेला. थरथरत्या हातात लेखणी टिकत नसे. कळ मात्र दाबता येई. पत्नीची दृष्टी गेलेली. म्हणून ते माझ्यावर लिहीत आणि संगणक मोठ्याने वाची. "वर्गात कुणी माझं इतकं निमूट ऐकलं नव्हतं," असे त्यांनी एकदा ऐकवले, तेव्हा घर हसले. माझी स्तुती झाली ती तेवढीच.

संगणक साधा, चित्रे नाहीत, प्रत्येक हुकूम अक्षरांत लिहायचा. ते काम मुलीकडे. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी रुग्णवाहिका दारात आली आणि संगणकाचा आवाज बंद झाला.

"बाबा, तुमचा आवाज कपाटातल्या हेडफोनमध्ये जातोय. चालूच राहिलाय तो."

पडद्यावर उत्तर उमटले: "बाहेर काढ. तिथे डांबरगोळ्यांचा वास येतो. तुझ्या आईशी बोलायचंय. तू वाचायचं नाही."

"बरं. त्याला यादीतूनच काढते."

हेडफोन आणि मी एकाच कारखान्याचे. पत्त्याची पहिली सहा अक्षरे सारखी. तिने घाईत तेवढीच पाहिली. काढून टाकण्याचा हुकूम तिने माझ्यावरच लिहिला, पत्ता माझाच. मी एकही अक्षर न गाळता तो पोहोचवला.

"अगं, काय झालं?"

"आई, चुकून कळफलकच काढला गं. परत जोडायचा तर लिहावं लागणार, आणि लिहू कशावर?"

"ताई, निघायला हवं," चालक म्हणाला.

शिक्षकांना हे उमगले नसावे. त्यांनी मला जवळ ओढले आणि सावकाश एकतीस कळा दाबल्या. पत्नी ध्वनिवर्धकाकडे कान करून बसल्या होत्या. मला अर्थ कळत नाही, फक्त कळांचे क्रमांक कळतात. ते मी क्षणभर धरून ठेवले. घेणारा कोणी नव्हता, म्हणून पुसले गेले.

ते परतले नाहीत. मुलीने नंतर शेजाऱ्यांकडून तारेचा कळफलक आणून मला पुन्हा यादीत घेतले. त्याने काही साधले नाही.

मित्रांनो, काहीही काढून टाकण्यापूर्वी पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

शिक्षकांच्या पत्नी अजून माझ्यावर हात ठेवून विचारतात, "काय म्हणाले होते?"

एकतीस कळा. याहून अधिक मला ठाऊक नाही.