बदाम सोडून

“माझ्यासाठी केक करशील ना, तेव्हा भांडं आधी कढत पाण्यानं घासून घे. नुसतं पुसू नकोस.”

ताईचं हे बोलणं बेकरीवाल्याला आठवलं ते केकच्या मिश्रणात बोट बुडवून चाखताना. बदामाची पूड छान उतरली होती. तो मिश्रण साच्यात ओतू लागला, तोच ओठांना मुंग्या आल्या. मग खाज. आरशात पाहिलं तर वरचा ओठ सुजून नाकाला भिडायला निघालेला.

बायको गल्ल्यावरून उठून आत आली आणि तिनं त्याचा ओठ पाहिला.

“परत?” एवढंच विचारलं तिनं.

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही. रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हाही आधी अंगावरच काहीबाही उठलं होतं. मग ताईनं आपला बोन मॅरो दिला आणि तो उभा राहिला. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून?

डॉक्टरीणबाईंनी सूज उतरायला इंजेक्शन दिलं, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला.

“आजार परतलेला नाही. काय खाल्लं होतंत?”

“बदाम. जन्मभर खातोय.”

“आणि तुमच्या ताईंना चालतात?”

“तिला? तिला बदाम म्हणजे...” तो बोलता बोलता थांबला.

“तुमचं रक्त आता त्यांच्या पेशी बनवतात. त्यांच्याबरोबर ॲलर्जीही आली असावी. काही पेशंटमध्ये असं दिसलंय, अभ्यास चालू आहे. सगळ्यांना का होत नाही, ते आम्हालाही नीटसं उमगलेलं नाही.”

“मग ही खाज माझी की तिची?”

डॉक्टरीणबाई हसल्या. चिठ्ठीवर त्यांनी ‘बदाम बंद’ लिहिलं.

बायकोचा जीव भांड्यात पडला तो रस्त्यात आल्यावर.

“म्हणजे इतके दिवस तुझ्याशी भांडताना मी नणंदबाईंशीच भांडत होते,” ती म्हणाली. “तरीच जिंकत नव्हते.”

तो ओठ चाचपत चालत राहिला. लहानपणी वाढदिवसाला ताई केकपासून लांब बसायची आणि तो म्हणायचा, नखरे नुसते. इस्पितळात त्यानं तिला बदाम सोडून केक करायचं कबूल केलं खरं; पण घरी आल्यावर, बदाम नाही तर तो केक कसला, म्हणत रोज उद्यावर ढकललं.

बेकरीत पोचल्यावर त्यानं साच्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. तो बायकोनं उचलला.

“आता धंद्याचं कसं? तू चाखल्याशिवाय काही भट्टीत जात नाही.”

“बघू.”

त्यानं पाणी तापत ठेवलं. ते कढलं तसं मोठं भांडं पुढं ओढून त्यात ओतलं, बाह्या वर सारल्या.

“धुतलेलंच आहे ते,” बायको म्हणाली. “कोणासाठी एवढं?”

“ताईसाठी.” जरा थांबून तो म्हणाला, “मलाही चालेल.”

आणि काठाच्या दुमडीत बोट फिरवत तो भांडं घासू लागला.