डुकरीचे मार्क

"ब्रेकला किती देऊ?" वहीवर पेन टेकवून मी विचारलं.

"थांबली ना गाडी?" चिमाजीकाका म्हणाले.

"थांबली. पण ती म्हैस आधी थांबली."

"मग म्हशीला दे मार्क."

घाटघरच्या चढावर आमच्या दोन गाड्यांची परीक्षा चालली होती. वारूळवाडीच्या आमच्या गाड्यांच्या शेडमध्ये दिवाळीनंतर खताचं गोदाम होणार होतं. एकच गाडी राहणार, दुसरी विकायची. एक छप्पन्न सालची डुक्कर फियाट, म्हणजे आमची डुकरी, दुसरी त्र्याऐंशीची पद्मिनी. दादाजी म्हणाले, "टीना, नववीत पहिली आलीस ना? मग तू ठरव. पण कारणं लिहून दे."

मी लगेच दहा रकाने आखले. निकाल मात्र आधीच लावून टाकला होता. पद्मिनी पप्पा चालवत, बंटीदादाही चालवायचा. डुकरी फक्त काकांचं ऐकायची. एकतीस वर्षं ते आमच्याकडे ड्रायव्हर, आणि ती गेली तर त्यांचं काय, हा रकाना मी कुठे आखणार?

सकाळी डुकरीची परीक्षा झाली, दुपारी पद्मिनी काढली. काकांचा हात दाराच्या पुढच्या कडेला कडी शोधू लागला. डुकरीची पुढची दारं उलटी उघडतात, कडी पुढे असते.

"काका, हिची मागं," मी हसत सुटले.

"हात म्हातारा झाला," तेही हसले.

पद्मिनी चढ गुणगुणत चढली. पिकअप नऊ, ब्रेक नऊ. माझी पंचाईत झाली. मग मी अकरावा रकाना आखला. नारळ. आमच्यात बिदाईला गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवतात. घरातल्या पाच मुली डुकरीतूनच सासरी गेल्या, आणि काका नारळ असा फोडत की नवरीला धक्काही बसत नसे. दहापैकी दहा. डुकरी एका मार्कानं जिंकली.

संध्याकाळी दादाजींनी वही वाचली, चष्मा काढला आणि काकांकडे पाहिलं. "बोला चिमाजी. पटतंय?"

काकांनी टोपी काढून हातात घेतली.

"शेठ, नारळ म्या फोडला, गाडीनं न्हाई. आन् बिरेकला ताईनं सात दिल्यात. म्या तीन दिले असते. पुढल्या बिदाईला टीनाताई बसंल तिच्यात. डुकरी विका."

मी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

पुण्याचा एक हौशी माणूस आठवड्यानं डुकरी घेऊन गेला. काकांनी तिला आदल्या दिवशी धुऊन पुसून ठेवली होती. त्याला दार कसं उघडायचं ते त्यांनी दोनदा दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मला शाळेत सोडायला काका पद्मिनीपाशी आले. हात पुढच्या कडेला गेला. तिथे नुसता पत्रा.

या वेळी मी हसले नाही.

काकांनी खांद्यावरचं फडकं काढलं, तेवढीच जागा नीट पुसली आणि पुसत पुसत हात कडीपर्यंत मागे आणला.